चिक्कू कोणाला म्हणायचं? चीक, कवडी आणि शार्कची गोष्ट

बिल टेबलावर आलं की ज्याला नेमका तेव्हाच फोन येतो, असा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. तुमच्याही असेल. (तो तुम्हीच असाल, तर पुढे वाचाच.) तुम्ही त्याला चिक्कू म्हणता, तुमचे आई-बाबा कंजूष म्हणतील, आजी कदाचित कवडीचुंबक म्हणेल. मेलबर्न किंवा सिडनीच्या ऑफिसातले ऑसी मित्र त्याला टाइट-आर्स म्हणतील. त्यातला कोणी जुन्या वळणाचा असेल तर म्हणेल, 'याला शार्क चावला तरी हा शाउट करणार नाही.'

पॉडकास्टमध्ये आपण या शार्कला जेमतेम दोन मिनिटं दिली होती. इथे जरा निवांत बोलू. कारण गंमत म्हणून या शब्दांच्या मागे लागलं की आपण एका दंगलीपाशी पोहोचतो, आणि दुसऱ्या वाटेनं गेलं तरी दंगलच लागते. एक पुणे जिल्ह्यातल्या सुप्याची, 1875 ची. दुसरी न्यू साउथ वेल्सच्या सोन्याच्या खाणींवरची, 1861 ची. पण तिथे सावकाश जाऊ. आधी चिक्कू.

चिक्कू आणि चिकू हे शब्द तुम्ही लहानपणी एकच समजला असाल, तर तुम्ही एकटे नाही. माणूस चिक्कू म्हणजे चिकट: पैसा त्याच्या हाताला चिकटतो, सुटत नाही. चीक म्हणजे झाडाचा चिकट रस. चीक, चिकट, चिकणमाती, चिक्की हे शब्द मराठीत एकमेकांच्या आसपासच राहतात. आता फळ बघा. कच्चा चिकू तोडला की त्यातून पांढरा चीक येतो. मग चिकू म्हणजे चीकवाला, हे किती सरळ वाटतं! पण हे फळ मूळचं मेक्सिकोकडचं. तिथल्या नाहुआत्ल भाषेतलं त्याचं नाव स्पॅनिश लोकांच्या तोंडी 'चिको' झालं आणि जहाजांबरोबर फिरत फिरत आपल्याकडे चिकू म्हणून आलं. डहाणू-घोलवडचा चिकू इतका आपला झाला की 2016 मध्ये त्याला जीआय मानांकन मिळालं. तेव्हा फळाचा आणि कंजूषपणाचा काही संबंध नाही, दोन्हीकडचा चिकटपणा हा निव्वळ योगायोग. शब्दांच्या इतिहासात असे योगायोग पावलोपावली भेटतात, आणि ज्याला 'हे तर उघडच आहे' असं वाटतं तो तिथेच फसतो.

चिकटपणावरून आठवलं. स्कॉच टेप आपण सगळे वापरतो. 1925 च्या सुमाराला अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू नावाच्या माणसानं गाड्या रंगवणाऱ्यांसाठी चिकटपट्टी तयार केली. पहिल्या नमुन्यात गोंद फक्त कडांना होता. असं सांगतात, की एक रंगारी वैतागून म्हणाला, ही पट्टी तुझ्या त्या 'स्कॉच' साहेबांकडे परत ने आणि जरा गोंद लावायला सांग. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडचा, आणि त्या काळच्या बोलण्यात स्कॉटलंडचा म्हणजे कंजूष. टोमणा होता तो ब्रँड झाला. म्हणजे आपल्याकडे कंजूष माणूस चिकट, आणि तिकडे कंजूष माणसाच्या नावानं चिकटपट्टी, तीही गोंद कमी पडला म्हणून!

यातला 'स्कॉच' लक्षात ठेवा. एका स्वभावाला एका अख्ख्या प्रदेशाचं नाव चिकटलं आहे. हा प्रकार पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता आजीचा शब्द, कवडीचुंबक. मला स्वतःला हा सगळ्यात जास्त आवडतो. चुंबक म्हटलं की तुम्हाला लोहचुंबक आठवेल आणि कवड्या खेचून घेणारा माणूस डोळ्यासमोर येईल. पण 'चुंब्' म्हणजे मुका घेणं. लोखंडाला जाऊन चिकटणारा दगड चुंबक ठरला तोही त्याच अर्थानं. तेव्हा कवडीचुंबक म्हणजे कवडीचे मुके घेणारा. जाताना एक गंमत: संस्कृत कोशांत चुंबक शब्दाचा आणखी एक अर्थ दिलाय, पुष्कळ पुस्तकं वरवर चाळणारा अर्धवट पंडित. आम्हा संशोधकांना हा शब्द फारच जवळचा आहे.

आणि कवडी म्हणजे खरोखरचे पैसे. मालदीवच्या समुद्रातून येणारे हे छोटे शिंपले शेकडो वर्षं भारतात सुट्या नाण्यासारखे चालत होते, विशेषतः बंगाल आणि ओडिशात. एका रुपयाला काही हजार कवड्या. त्यामुळे एक कवडी सोडायला ज्याचा जीव होत नाही त्याचा हिशोब काय असेल तो बघा. ओडिशात कंपनी सरकारनं कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयांत सारा मागायला सुरुवात केली, त्यात गरीब माणूस पिळला गेला, आणि 1817 च्या पाइकांच्या उठावामागे जी कारणं होती त्यात हेही एक होतं. आपल्याकडे कवडी बाजारातून गेली, पण तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातल्या माळेत राहिली. आणि भाषेत तर ठाण मांडून बसली: कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीची किंमत नाही.

मराठीत कंजूषपणाचे शब्द म्हणजे जुन्या नाण्यांचं म्युझियमच आहे. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, यातली दमडी अकबराच्या काळात एका दामाचा आठवा भाग होती, आणि 40 दामांचा एक रुपया. म्हणजे रुपयाचा 320 वा भाग. पै पै जोडणं, पैन् पैचा हिशोब ठेवणं, यातली पै रुपयाचा 192 वा भाग होती. 1957 मध्ये दशमान पद्धत आली, आणे-पै हिशोबातून गेले, तरी आपण अजून पै पैच जोडतोय. ऑस्ट्रेलियात 1 आणि 2 सेंटची नाणी 1992 पासून चलनातून काढून घेतली, म्हणून दुकानात रोख दिले तर बिल 5 सेंटांच्या पटीत येतं. इथे वाढणाऱ्या मुलांना 'सेंट'ची फुटकी कवडी कशी असते हे बघायलाच मिळत नाही.

सगळ्यात जुना शब्द मात्र नाण्याचा नाही, दयेचा आहे. कृपण. आज कृपण म्हणजे कंजूष, पण जुन्या संस्कृतात त्याचा पहिला अर्थ दीन, केविलवाणा, कीव यावी असा. गीतेत अर्जुन स्वतःच्या मनाच्या अवस्थेला 'कार्पण्य' म्हणतो, तेव्हा तो काही पैशांबद्दल बोलत नसतो. आणि इंग्रजीतला मायझर? तो लॅटिनमधून आला, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ: दीन, केविलवाणा, दुःखी. दोन्ही भाषांनी वेगवेगळ्या वाटेनं येऊन तीच उडी मारली. ज्याच्याकडे आहे, पण ज्याला ते वापरता येत नाही, त्याचा राग येण्याआधी कीव आली असणार.

कौटिल्याला मात्र कीव वगैरे येत नाही. अर्थशास्त्रात, अधिकाऱ्यांवर नजर कशी ठेवायची हे सांगताना तो तीन प्रकारची माणसं सांगतो. बापजाद्यांची कमाई उडवणारा तो मूलहर. जेवढं मिळेल तेवढं त्या त्या वेळी खाऊन टाकणारा तो तादात्विक. (पगाराच्या दिवशीच कार्ड स्वाइप करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी 2000 वर्षांपूर्वीचा शब्द तयार आहे.) आणि नोकरांना आणि स्वतःला त्रास देऊन पैसा साठवणारा तो कदर्य. ही व्याख्या मला फार नेमकी वाटते. किती साठवलं हे कौटिल्य विचारत नाही, ते साठवताना कोणाला त्रास झाला हे विचारतो. आज आपण ज्याला सहज चिक्कू म्हणून मोकळे होतो, त्याला ही कसोटी लावून बघा. बहुतेक वेळा तो कदर्य ठरतच नाही.

मग तो ठरतो काय? इथून ऑस्ट्रेलियात येऊ.

शाउट म्हणजे ओरडणं, हे शाळेतलं इंग्रजी. ऑस्ट्रेलियात शाउट म्हणजे सगळ्यांना पाजणं, आपल्या पैशानं एक राउंड मागवणं. हा अर्थ 1850 च्या दशकातला, व्हिक्टोरियात सोनं सापडलं त्या धामधुमीतला. दारूच्या गुत्त्यात पेय मागवायला ओरडावं लागायचं, आणि जो ओरडला त्यानंच पैसे द्यायचे, अशी त्याची साधी उपपत्ती दिली जाते. आता शार्कची म्हण पुन्हा वाचा. शार्क चावला तर कोणीही ओरडेल, पण हा ओरडणार नाही, कारण शाउट केलं तर पैसे द्यावे लागतील. खिशात डेथ ॲडर, म्हणजे विषारी साप ठेवलाय, म्हणून हात घालत नाही, अशीही एक म्हण इथे आहे. साप आणि शार्क, दोन्ही अगदी स्थानिक.

शाउटचं गणित मराठी माणसाला समजावायला एक शब्द पुरे आहे: भिशी. चार जण बसले, चार राउंड झाले, प्रत्येकानं एकदा दिलं. शेवटी सगळ्यांचा खर्च जवळजवळ सारखाच. म्हणजे शाउटमध्ये उदारपणाचा तसा काही संबंध नाही, ती बिअरची भिशी आहे. पण भिशीचा पहिला नियम काय? आपला नंबर लागला की पैसे घेऊन पळायचं नाही. तीन राउंड पिऊन, स्वतःच्या पाळीला 'उद्या लवकर उठायचंय' म्हणून निघणारा माणूस इथे चिक्कू ठरतो, मग त्याचा पगार कितीही असो.

इथपर्यंत मजा आहे. प्रश्न येतो तो भिशीत मुळात नसलेल्या माणसाचा.

ज्या खाणींवर शाउट रुजलं त्याच खाणींवर हजारो चिनी कामगार होते. बहुतेक जण दक्षिण चीनमधून, घरची माणसं मागे ठेवून, बरेचसे कर्ज काढून आलेले. युरोपियनांनी उकरून सोडून दिलेल्या मातीतून ते चिकाटीनं पुन्हा सोनं काढत. एकत्र राहत, एकत्र शिजवून खात, आणि उरलेला पैसा घरी पाठवत. त्यांच्यावर जे आक्षेप घेतले जात त्यात हा ठरलेला होता, की हे लोक इथे कमावतात आणि इथे खर्च करत नाहीत. व्हिक्टोरियानं 1855 मध्ये जहाजानं येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला हजारो लोक शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब या छोट्या बंदरावर उतरले आणि तिथून शेकडो किलोमीटर चालत खाणींवर गेले. आणि 30 जून 1861 ला न्यू साउथ वेल्समध्ये लँबिंग फ्लॅटला युरोपियन खाणकामगारांचा मोठा जमाव चिनी वस्त्यांवर चालून गेला. तंबू जाळले, सामान लुटलं, लोकांना मारहाण करून हाकलून दिलं. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सनं चिनी लोकांच्या येण्यावर बंधनं घालणारा कायदा केला. त्या गावाचं नाव आता यंग. चेरीसाठी प्रसिद्ध आहे, तुमच्यापैकी काही जण चेरी तोडायला गेलेही असाल. दंगलीच्या वेळचं, चिनी लोकांविरुद्ध जमा व्हा असं सांगणारं रंगवलेलं निशाण तिथल्या म्युझियममध्ये आहे. पुढच्या वेळी चेरीबरोबर तेही बघून या.

खरं भांडण सोन्याचं होतं, आणि वंशद्वेषाचं. काटकसर हा फक्त पुरावा म्हणून पुढे केला गेला: बघा, हे आपल्यातले नाहीत.

आता हे वाचून 'हे गोरे लोक असेच' म्हणायच्या आत सुप्याला चला.

आपण लहानपणी चिक्कू हा शब्द एकटा शिकलो नाही. त्याच्या पुढे जोडीला एका समाजाचं नाव होतं, आणि ते दोन शब्द मिळूनच शिवी पूर्ण व्हायची. होय, मारवाडी. तुमच्या घरातही कोणीतरी अगदी सहज म्हणून गेलं असेल, कोणाला दुखवायच्या हेतूनं नाही. हे नाव तिथे आलं कुठून?

मारवाड म्हणजे राजस्थानातला जोधपूरकडचा प्रदेश. 19 व्या शतकात तिथले व्यापारी दख्खनच्या गावागावांत आले. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध कोशात मारवाडी या शब्दाची नोंदच अशी आहे, की भारताच्या बऱ्याच भागांत तो बनिया किंवा सावकार याच अर्थानं वापरला जातो. म्हणजे प्रदेशाच्या नावाचा धंदा झाला होता. धंद्याच्या नावाचा स्वभाव व्हायला वेळ लागत नाही.

मधल्या काळात काय घडलं ते थोडक्यात सांगतो. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्यांना भारतातला कापूस हवा झाला, भाव चढले, आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सहज कर्ज मिळायला लागलं. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सावकारानं हात आखडला, जुनी खतं घेऊन कोर्टात गेला, आणि ब्रिटिश कोर्टानं कागद बघून त्याच्या बाजूनं निकाल दिले. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात लोक सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर तुटून पडले, आणि ते लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. लोकांना मुख्यतः हवी होती ती कर्जाची खतं आणि हिशोबाच्या वह्या. त्या हातात आल्या की जाळायच्या. जिथे सावकारानं कागद मुकाट्यानं दिले, तिथे बऱ्याचदा तेवढ्यावरच निभावलं. रोख मुख्यतः बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता, गावातल्याच सावकारांना त्यामानानं कमी झळ बसली. सरकारनं चौकशी आयोग नेमला, आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

शेतकऱ्याची तक्रार खरी होती. व्याज जबर होतं, न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठे घेतले जात होते, जमिनी जात होत्या. त्यात मला काहीही सौम्य करायचं नाही. पण ती तक्रार नीट ऐका. सावकार 'पैसे सोडत नाही' ही ती तक्रार नव्हतीच. त्यानं पैसे सोडले होते, आणि तेच गळ्याशी आलं होतं. सुप्याच्या लोकांना हे बरोबर कळत होतं, म्हणून त्यांनी खतं शोधली. नंतरच्या पिढ्यांनी व्याज, कोर्ट, सारा, कापूस सगळं विसरून फक्त एक विनोद शिल्लक ठेवला: ते लोकच चिक्कू. जो सावकार नाही, ज्याच्या आज्यानंही कधी कोणाला कर्ज दिलं नाही, त्या वर्गातल्या मुलालाही तो लागू झाला.

आणि दूरच्या गावाहून आलेला, दुकानातच झोपणारा, घरचे मागे ठेवून पै पै गावी पाठवणारा तो तरुण मारवाडी गुमास्ता तुम्हाला ओळखीचा वाटत नाही का? क्लेटनच्या शेअर हाउसमध्ये, चौघांत मिळून तांदळाची मोठी गोणी आणणारा, पाच डॉलरच्या कॉफीचे मनातल्या मनात रुपये करून कॉफी न घेणारा, कॉलेज चालू असताना पंधरवड्याला 48 तासांच्या मर्यादेत काम बसवणारा मराठी विद्यार्थी तोच आहे. आपण त्याला चिक्कू म्हणत नाही. आपण त्याला काटकसरी म्हणतो. मराठीत कंजूषपणा आणि काटकसर असे दोन शब्द आहेत ही मोठी सोय आहे. एक दुसऱ्यांसाठी, एक आपल्यासाठी. शुक्रवारी पबला न येणाऱ्या त्या विद्यार्थ्याला त्याच्या सहकाऱ्यांच्या भाषेत काटकसरी हा शब्द मिळेलच असं नाही. मग 'इंडियन लोक टाइट असतात' हे वाक्य कोणीतरी हसत हसत म्हणतं, आणि आपल्याला ते का लागलं हे त्याला समजावून सांगता येत नाही.

आपापसातही आपण हे करतोच म्हणा. कोकणस्थांवरचे विनोद, 'चहा घेऊनच आला असाल' हा पुणेकरांवरचा विनोद, हे सगळे मंडळाच्या गणपतीत अजून हमखास चालतात. ज्यांच्यावर आहेत तेच ते सगळ्यात रंगवून सांगतात, म्हणून ते खपतात. पुणेरी माणसानं पुणेरी विनोद सांगणं आणि वर्गातल्या एकट्या मारवाडी मुलाला चिक्कू म्हणणं, यात फरक आहे, आणि तो फरक ओळखायला भाषाशास्त्र लागत नाही.

आपापलं बिल आपण द्यायचं, याला इंग्रजीत 'गोइंग डच' म्हणतात. तिथेही एका देशाची बदनामी. मराठी कॉलेजकट्ट्यावर त्याच गोष्टीला टीटीएमएम म्हणतात: तुझं तू, माझं मी. या नावाचा मराठी सिनेमाही 2017 मध्ये आला. मला या चार अक्षरांचं खरंच कौतुक वाटतं. त्यात ना स्कॉटलंड, ना हॉलंड, ना मारवाड. नुसता व्यवहार सांगितलाय. पबमध्ये मात्र तो एकदम सुरू करू नका, तिथे भिशीचे नियम आहेत. दारू पीत नसाल तर सरळ राउंडमध्ये सामील व्हा, स्वतःसाठी लेमन स्क्वॉश सांगा आणि आपली पाळी आली की सगळ्यांची ऑर्डर द्या. लवकर निघायचं असेल तर पहिला किंवा दुसरा राउंड तुमचा.

आता तुमच्याकडून एक काम हवंय. चिंगूस, कद्रू, चिकट, चेंगट असे बरेच शब्द आमच्याकडे जमलेत, पण वऱ्हाडात, खानदेशात, मालवणीत काय म्हणतात ते तुमच्या आजी-आजोबांना विचारा आणि व्हॉइस मेसेज करून पाठवा. त्यांनी तो शब्द कोणाबद्दल वापरला, तेही विचारून घ्या.